आखाजीला उघडलेला अल्बम दर वर्षी का सुटतो?

आमच्या घरी हा तंटा बरोबर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू व्हायचा. नणंदा माहेरी आलेल्या, दुपारची जेवणं उरकलेली, कूलरसमोर चटया पडलेल्या, आणि कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, तो आप्पांचा अल्बम काढा ना." अल्बम निघायचा आणि दुसऱ्याच पानावरचे दोन फोटो घरंगळून चटईवर. पाचव्या पानाला आणखी तीन. पानं तर उन्हात टाकलेल्या पापडासारखी वळलेली. मोठ्या नणंदबाई पडलेले फोटो गोळा करून माझ्या हातात द्यायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला पुरायचं.

हा अल्बम मी २०१९ मध्ये सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, पंचाहत्तरीसाठी केला होता. चाळीस पानं, शंभरावर फोटो, मधे मधे पत्रं, लग्नपत्रिका, रेल्वेचं एक जुनं पुठ्ठ्याचं तिकीट. दीड महिना लागला. पहिल्या उन्हाळ्यात सुटला, तो मी चिकटवला. पावसाळ्यात समोरासमोरचे फोटो एकमेकांना चिकटले, ते सोडवताना एकाचा चेहरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सुटला. तीन वर्षं मी तेच दुखणं तेच औषध देऊन बरं करत होते. भुसावळात राहणाऱ्या माणसाला कारण कळायला तीन वर्षं लागावीत याची आता लाज वाटते, कारण ते कारण रोज घरात घर्र घर्र करत चालू होतं.

तुमचाही अल्बम दर वर्षी असाच सुटत, वळत किंवा चिकटत असेल तर हे वाचा. जळगाव, धुळे, चोपडा, शहादा, खानदेशात कुठेही असा, आपली हवा साधारण सारखीच.

आधी मी काय काय चुकीचं केलं

पहिली चूक, जास्त गोंद. फोटो सुटला म्हणजे गोंद कमी पडला, असा सरळ हिशोब. मागची सगळी बाजू पांढऱ्या गोंदाने माखून बसवली. पान ओलं झालं, फुगलं, वाळताना आक्रसलं आणि आधीपेक्षा जास्त वळलं.

दुसरी चूक, वजन. वळलेली पानं सरळ व्हावीत म्हणून अल्बम दोन दिवस पाट्याखाली ठेवला. काढला तेव्हा सपाट होता. आठवड्याने पुन्हा तसाच.

तिसरी सांगायचीसुद्धा लाज वाटते. वळलेल्या फोटोवर मी सुती कापड टाकून इस्त्री फिरवली. लॅबमधून येणाऱ्या आजच्या फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोटो कापडाला चिकटला. कापड अजून आहे माझ्याकडे, त्यावर दिराचा अर्धा फेटा आहे.

चौथी म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. ही सगळ्यात फसवी. दोन-चार महिने इतकी छान धरते की आपण सगळ्या ओळखीच्यांना शिफारस करतो. मग मे महिना येतो, टेपचा चिकट पदार्थ मऊ पडतो, फोटो स्वतःच्या वजनाने खाली घसरतो आणि कडेने तपकिरी रेघ उमटते. ती रेघ जात नाही.

सुटलेला फोटो काय सांगतो

गोंद पुन्हा लावायच्या आधी फोटो उलटा करून बघा. मागे गोंदाचा कोरडा, कडक पापुद्रा असेल आणि तो नखाने अख्खा निघत असेल, तर गोंदाने फोटोला धरलंच नव्हतं. फोटोची पाठ प्लास्टिकची, गुळगुळीत. गोंद तिच्यात मुरत नाही, नुसता वर बसतो. मागे चिकट, ओढल्यावर तार येणारा पदार्थ असेल तर ते टेपचं काम. फोटो घट्ट आहे पण पान वळलंय, तर दोष कागदाचा आणि पूर्ण पाठ चिकटवण्याचा. कागदाच्या किंवा फोटोच्या वरच्या थरावर कुणीतरी खरवडल्यासारखे वेडेवाकडे पातळ डाग असतील, तर कसर लागली आहे. तिला पिठाची खळ आवडते आणि फोटोचा वरचा थरही आवडतो.

आणि फोटोच फोटोला चिकटला असेल तर? फोटोचं चित्र ज्या थरात असतं तो जिलेटीनचा असतो. हवेत दमटपणा फार वाढला की जिलेटीन पाणी शोषतं, मऊ होतं आणि समोर जे असेल त्याला धरतं, मग तो दुसरा फोटो असो, काच असो की प्लास्टिक. कपाटात अल्बमवर रजया रचलेल्या असतील तर दाबामुळे आणखी घट्ट. म्हणजे पावसाळ्यातलं चिकटणं आणि उन्हाळ्यातलं सुटणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच. कागदात आणि फोटोत पाणी शिरतं आणि निघतं. वारंवार.

पावसाळ्याचं समजू शकतो, पण मे महिन्यात पाणी कुठून आलं? आपल्याकडे तर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात.

इथेच कूलर

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी हवेतला दमटपणा मोजायचं एक छोटं डिजिटल यंत्र आणलं. तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवतं, तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतं. ते कपाटात अल्बमशेजारी ठेवलं. मे महिन्यातली दुपार, कूलर बंद, दमटपणाचा आकडा वीस टक्क्यांच्या खाली. कूलर सुरू केला, कपाटाचं दार किलकिलं होतं, आणि तासाभरात आकडा साठीच्या घरात. रात्री वीज गेली, कूलर थांबला, सकाळी पुन्हा खाली. म्हणजे बाहेर भाजून निघणारा कोरडा उन्हाळा आणि आमच्या बेडरूममध्ये दिवसातून दोनदा पावसाळा.

कागद हा तंतूंचा बनलेला. तंतूंनी पाणी घेतलं की ते जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. कारखान्यात कागद बनताना बहुतेक तंतू एका दिशेला पडतात, त्याला छापखान्यातले लोक ग्रेन म्हणतात. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि आक्रसतो. त्याच्यावर पूर्ण पाठ चिकटवलेला फोटो मात्र प्लास्टिकच्या थरामुळे तेवढा हलत नाही. एक ओढतोय, दुसरा हलत नाही. मग पान वळतं, नाहीतर गोंद सुटतो. रोज दोनदा, तीन महिने.

हे मी घरात समजावून सांगत होते तेव्हा आप्पा पलंगावर बसून ऐकत होते. आप्पा रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रुळाची ढिली चावी ठोकायची, दोन रूळ जोडणारी फिशप्लेट बघायची, हे त्यांनी उभी हयात केलं. उन्हाळ्यात दुपारची गस्त वेगळी, कारण लोखंड तापून पसरतं आणि जागा मिळाली नाही तर रूळ वाकतो. ते शांतपणे म्हणाले, "रूळले बी फट ठेवतस ना बेटा. तुन्हा फोटोले फट कोठे शे?"

आता रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात, त्यांचं शास्त्र वेगळं. पण आप्पांच्या काळी दोन रुळांच्या सांध्यात फट सोडायचे, त्यावरून तर गाडीचा तो खडखड ताल. माझ्या अल्बममध्ये एकही सांधा नव्हता. सगळं गच्च. पुढचं सगळं काम मी या एका वाक्यावर केलं.

दुरुस्ती कधी करायची

मे महिन्यात नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर नाहीच. आपल्याकडे यासाठी उत्तम दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर. हवा कोरडी, कूलर बंद, आणि पहाटे दहा-बारा अंशांवर उतरत असल्याने टेपचा आणि जुन्या चिकट पानांचा गोंद कडक असतो, तार न येता तुटतो. एकच अडचण. तो भरिताचा हंगाम. शेतात भरीत पार्टी झाली आणि तसेच येऊन अल्बमला बसलात तर तेलाचे बोटांचे ठसे कायमचे. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच बसा. फोटो कडेने धरायचा.

सगळ्यात आधी, एकही फोटो न हलवता, प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या. खिडकीशेजारी, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर. कुठला फोटो कुठे होता, त्याखाली काय लिहिलं होतं, हे नंतर आठवत नाही. आणि सोडवताना एखादा फाटलाच तर निदान एवढं तरी हाती राहतं. मी हे केलं असतं तर पावसाळ्यात गेलेला तो चेहरा आज असता.

फोटो सोडवायचा तो बोटांनी ओढून नाही. दात साफ करायचा फ्लॉस मिळतो, मेण नसलेला घ्या. हातभर तुकडा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत पानाला चिकटून न्या. फोटो सपाटच राहिला पाहिजे. आपण फोटो वर उचलून वाकवतो आणि तिथेच वरचा थर तडकतो. नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे, वरून प्लास्टिक ओढायचे अल्बम असतात ना, ज्यांचा गोंद पट्ट्या-पट्ट्यांनी पिवळा पडलेला असतो, त्यांच्यासाठीही हीच पद्धत. फ्लॉस अडला तर पानाच्या मागून हेअर ड्रायर अगदी मंद, काही सेकंद. तरी अडला, तर थांबा. फोटोभोवतीचं पान कापून, पाठीवरच्या पुठ्ठ्यासकट तो तसाच नव्या अल्बममध्ये बसवा. पाठ कुणी बघत नाही.

फोटो फोटोला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर घरी प्रयोग करू नका. काचेवरचा असेल तर काचेसकट स्कॅन करा किंवा फोटो घ्या, म्हणजे चित्र हाती आलं. पाण्यात भिजवून सोडवायचा उपाय बरेच जण सांगतात. लॅबच्या काही फोटोंना तो चालतो, पण घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोचे रंग पाण्यात वाहून जातात आणि जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोचा थर सुटू शकतो. प्रिंटरचा आहे की लॅबचा, हे कळत नसेल तर चित्राच्या कडेच्या, सहज नजरेत न येणाऱ्या रंगीत भागाला ओल्या कापसाच्या काडीने हलकं टेकवा. रंग आला तर प्रिंटरचा.

एक आणखी. लॅमिनेशन करू नका. आमच्या गावी एका दुकानात माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो "कायमचा टिकेल" म्हणून लॅमिनेट करून दिला. गरम रोलरमधून गेलेला फोटो परत मोकळा करता येत नाही. आता त्यात बुडबुडे आहेत आणि ते वाढत आहेत.

पुन्हा बांधताना फट कशी ठेवायची

उपाय जुनाच आहे. आजोबांच्या काळातले काळ्या पानांचे अल्बम आठवा. फोटो चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला, दोन पानांमध्ये जाळीच्या नक्षीचा बटर पेपर. त्या फोटोंना साठ-सत्तर वर्षं झाली, वळले नाहीत, चिकटले नाहीत. काळा कागद भुसभुशीत झाला, पण फोटो ठीक. कोपऱ्यात फोटो सैल बसतो, पान हलतं, फोटोला त्याचं काही नाही.

कोपरे तयार मिळतात, ऑनलाइन सहज. नाही मिळाले तर घरी करा. चांगल्या पातळ कागदाची दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यायची, तिची दोन्ही टोकं मागे तिरकी दुमडून त्रिकोण करायचा. फोटोच्या कोपऱ्यावर हा त्रिकोण चढवायचा आणि गोंद फक्त त्रिकोणाच्या मागे, पानाला. फोटोला गोंदाचा थेंब लागता कामा नये. चढवताना सुताएवढी जागा सोडा, अगदी ताणून बसवू नका. पहिल्यांदा मी इतके घट्ट बसवले की फोटो मधून फुगला. आप्पांनी बोट लावून बघितलं, नुसते हसले.

कागद कुठला? वर्तमानपत्राचा, रद्दीचा आणि स्वस्त चार्ट पेपरचा नको. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं, ते उजेडाने आणि उष्णतेने पिवळं पडतं आणि आम्ल सोडतं. शेजारच्या फोटोलाही त्याची झळ लागते. दुकानदार अॅसिड-फ्री म्हणेल. परीक्षा आपल्या गच्चीवर आहे. कागदाची पट्टी कापा, अर्धी जाड पुस्तकाखाली झाका, अर्धी मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर ठेवा. दोन्ही भागांत फरक दिसला तर तो कागद मुलांच्या चित्रकलेला द्या. टेपची परीक्षाही अशीच. कागदावर तुकडा लावून पत्र्याच्या डब्यात घालून डबा गच्चीवर. आठ दिवसांनी कडेने चिकट ओघळ आला तर ती रबराच्या गोंदाची टेप. अॅक्रिलिक गोंदाची बहुतेक टिकते. आपल्याकडचं ऊन फुकट आहे आणि प्रयोगशाळेपेक्षा कमी कडक नाही.

मी कापसाच्या चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरला, साधारण २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा. महाग पडतो, पण लांब तंतूंचा असल्याने टिकतो. शिवाय हातकागदात ग्रेन फारसा नसतो, तो सगळीकडे सारखा फुगतो. यावरून एक आठवलं. आपल्या एरंडोलला आणि यावलला एके काळी देशी कागद बनायचा, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. कापसाच्या मुलखात राहून आपण अल्बमसाठी बाहेरगावचा कागद मागवतो, हे मला जरा खुपतंच.

कार्डशीट वापरत असाल तर ग्रेन ओळखून कापा. एक छोटा चौकोन कापून त्याच्या एका बाजूला ओलं बोट फिरवा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन. अल्बमचं पान असं कापायचं की ग्रेन बांधणीच्या कडेला समांतर राहील. मग पान उलटतानाही सहज उलटतं आणि वळलं तरी बांधणी त्याला धरून ठेवते. बाइंडर हे न सांगता करतात, आपण कार्डशीट वाचवायच्या नादात आडवी कापतो.

दुसरी फट बांधणीत हवी. फोटो लावल्यावर अल्बम पुढच्या कडेला जाड होतो आणि मुळाशी पातळ राहतो, मग तो मगरीसारखा आ वासतो. प्रत्येक पानाच्या मुळाशी त्याच कागदाची दोन सेंटिमीटरची पट्टी लावा, जाडी भरून निघते. मी कायमची शिलाई न करता पितळी स्क्रूची बांधणी केली. पान काढता येतं, वाढवता येतं. प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर, पण साधा, मेणाचा नको.

प्लास्टिकची पाकिटं हवी असतील तर पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, लिहिलेली घ्या. वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ती पीव्हीसीची, ती उष्णतेत चिकट पदार्थ सोडतात. ती नकोत.

खळ करून चिकटवू का, असं काही जण विचारतात. पुठ्ठ्याला, बांधणीला चालेल. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, ती खळ फोटोजवळ नको.

फोटो नसलेल्या वस्तू

खरं तर अल्बमची गंमत यातच आहे, आणि अडचणीही.

सोनोग्राफीचा कागद आणि एटीएमची पावती हे उष्णतेने उमटवलेले कागद असतात, त्यांवर शाई नसतेच. उष्णता मिळाली की काळे पडतात, नाहीतर अक्षरं उडून जातात. पीव्हीसीच्या पाकिटात तर आणखी लवकर. जाऊबाईंनी पहिल्या मुलीची सोनोग्राफी अल्बममध्ये जपून ठेवली होती, पाच वर्षांनी पांढरा कागद. असला कागद आला त्या दिवशीच स्कॅन करा आणि लॅबमधून फोटो म्हणून छापून घ्या. अल्बममध्ये तो छापलेलाच लावायचा.

वर्तमानपत्रातलं कात्रण, श्रद्धांजलीचं असो की दहावीच्या निकालाचं, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून लावा. मूळ कात्रण वेगळ्या लिफाफ्यात, फोटोंपासून लांब.

लग्नपत्रिकेला हळद-कुंकवाची बोटं लागलेली असतात. ती पुसू नका, तीच तर आठवण आहे. पण ती पत्रिका फोटोला टेकता कामा नये, कुंकू रंग सोडतं. वेगळ्या पाकिटात.

पत्रांचं जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे आप्पांच्या आईने कुणाकडून तरी लिहून घेतलेली अंतर्देशीय पत्रं आहेत, कारण तिला लिहिता येत नव्हतं. निम्मी अहिराणी, निम्मी शाळेतली मराठी. घड्यांवर कागद फाटत आलेला. एका नातेवाइकाने त्या घड्यांवर मागून चिकटपट्टी लावली, त्या जागा आता तपकिरी झाल्यात आणि शाई मागून पुढे आली आहे. चिकटपट्टी कधीच नाही. पत्र उघडून, सपाट करून, पीपीच्या पाकिटात मागे चांगल्या कागदाचा आधार देऊन ठेवा. पुन्हा घडी घालू नका. आधाराचा कागद सरकवला की पाकिटातून मागची बाजूही दिसते, त्यामुळे पत्ता आणि शिक्काही वाचता येतो. शिक्क्यावरून तारीख कळली की फोटोंचा क्रम लागतो, हा फायदा मला नंतर कळला.

फोटोच्या मागे नावं लिहिताना बॉलपेनने दाबू नका, पुढे उठाव येतो. जेल पेन तर समोरच्या फोटोवर छापा सोडतं. जुन्या कागदी पाठीच्या फोटोवर मऊ शिसपेन्सिल चालते. प्लास्टिक पाठीवर ती उमटत नाही, म्हणून नावं फोटोखाली पानावरच लिहा, पाण्याने न फुटणाऱ्या पिगमेंट शाईच्या पेनने. आणि नावं विचारायची तर कानबाईच्या सणाच्या वेळी. श्रावणात भाऊबंद एकत्र येतात, रोटांचं दळण होतं, सगळ्या मोठ्या बाया एका ओसरीवर असतात. मी मूळ फोटो नेत नाही, मोबाइलमधले मोठे करून दाखवते. "हाई तर धाकली काकू!" असं एकीने म्हटलं की दुसरी तिला खोडून काढते, मग तिसरी निवाडा करते. अर्ध्या तासात दहा नावं.

वाळलेली फुलं, जावळ, गुलाल लागलेली चिठ्ठी, जरीचा तुकडा, हे सगळं अल्बमच्या पानावर नको. शेजारी एक पुठ्ठ्याचा डबा करा.

ठेवायचं कुठे

लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून असेल तर ते दुपारनंतर भट्टी होतं. स्लॅबखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. जुन्या धाब्याच्या घरात असाल तर नशीबवान आहात, जाड मातीचं छत उष्णता वर अडवतं, फक्त वाळवीकडे लक्ष ठेवा. बाकीच्यांनी घरातली आतली भिंत शोधावी, जिच्या पलीकडे ऊन नाही आणि मोरीही नाही. जमिनीपासून निदान गुडघाभर उंच. पांझरा, गिरणा, तापीच्या काठी पूर बघितलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

आणि ज्या खोलीत कूलर आहे त्या खोलीत अल्बम नको. आमच्या अर्ध्या दुखण्याचं औषध एवढंच होतं. मी तो देवघराशेजारच्या खोलीत हलवला, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी भरलं ते दिसतं. केशरी हिरवं होतं, निळं गुलाबी होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर केशरीच बरं. रंग बदलला की पुड्या बदला. कापडाच्या पिशवीत वेखंड किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवलात तर हरकत नाही, फक्त तो फोटोला लागू देऊ नका. डांबर गोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि रंगांवर बसते.

अल्बम आडवा ठेवा, वर काही रचू नका. वर्षातून दोनदा बघा. एकदा पोळ्यानंतर, पाऊस ओसरायला लागला की, एखाद्या कोरड्या दिवशी पानं उलटून हवा लागू द्या. बुरशीचा वास आला तर त्याच दिवशी बाहेर काढा, सावलीत, पंख्याखाली, तोंडावर मास्क लावून. एकदा होळीच्या आधी, कूलर बाहेर काढायच्या वेळी.

यंदा आखाजीला अल्बम निघाला तेव्हा मी कूलर अर्धा तास आधी बंद केला, नणंदांनी कुरकुर केली. पानं सरळ. पडला तो एकच फोटो. कोपरे संपले म्हणून एका पानावर मी टेप वापरली होती, तिथला. कडक उन्हात रुळावर ओळीने उभी असलेली आप्पांची गँग, सगळ्यांच्या डोक्याला उपरणी. मी उचलायच्या आत आप्पांनी तो घेतला, तंबाखूच्या डबीमागे खिशात घातला आणि म्हणाले, "हाऊ माले राहू दे."

स्कॅन केलेला आहे, म्हणून मी काही बोलले नाही.